एका मीटरवर सतरा किलो

गिअरमोटर घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मोटर किती हॉर्सपॉवरची?" एकतीस वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे आणि एकतीस वर्षं मला तितकाच राग येतो. अरे भल्या माणसा, मोटर तू कपाटाएवढी आणशील, पण पलीकडच्या टोकाला, जिथे तुझं काम व्हायचंय, तिथे टॉर्क किती पोचतो ते विचार ना! टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना मनगटाला लागतो तो. मोटरकडे वेग भरपूर असतो आणि हा जोर बेताचा. गिअरबॉक्स वेग कापतो आणि जोर वाढवतो. किती वाढवतो आणि वाटेत स्वतः किती खातो, हे काढणं माझं काम.

मोदेना शहराच्या बाहेर, खालच्या सपाट मुलखात, जिथे दर दुसऱ्या शेडमध्ये कोणी ना कोणी गिअरचे दात कापत बसलेलं असतं, तिथल्या एका कारखान्याच्या तांत्रिक खात्यात मी बसते. माझं नाव देआन्ना. माझं गणित आजवर एकदाच तोंडावर आपटलं, आणि तेही माझ्या सख्ख्या बापामुळे.

बाप म्हणजे लेआर्को, वय एकोणऐंशी, मुक्काम मोंतेब्रोलो. कारखान्यातून निघून चाळीस मिनिटं नुसती वळणं चढली की आमचं गाव लागतं. कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी तिथल्या चौकात तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात पोलेंटा शिजतो. मक्याचं पीठ, पाणी, मीठ, आणि दीड तास ढवळणं. यात पाककला वगैरे काही नाही, नुसता खांदा आहे. सुरुवातीला गावातले चारदोन गडी आळीपाळीने हात मारतात. पण शेवटचा पाव तास, जेव्हा पीठ घट्ट होऊन दांड्याला धरून ठेवायला लागतं, तो फक्त बाबाचा. बेचाळीस वर्षं तिथे दुसऱ्या कोणी हात घातलेला नाही.

आणि पोलेंटा झाला हे घड्याळ ठरवत नाही. बाबा ओकचा तो दांडा हंड्याच्या मधोमध रोवतो आणि हात सोडतो. दांडा आपल्या आपण उभा राहिला तर झाला. मग टाळ्या, मग लांब्रुस्को वाइनच्या बाटल्या फुटतात, मग लाकडी फळीवर तो सोनेरी डोंगर उपडा होतो. हल्ली हल्ली टाळ्या फार लवकर पडायच्या. बाबा हात सोडतो न सोडतो तोच चौक दणाणायचा आणि तो लगेच दांडा उपसून डोक्यावर नाचवायचा. मला वाटायचं, लोकांना भूक लागलेली असते.

चार वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. दांडा सोडला नाही. मग गेल्या कार्निव्हलला पोलेंटा फळीवर पडला आणि पाठोपाठ बाबा बाकावर पडला, मैद्यासारखा पांढरा. इस्पितळात हृदयाची पट्टी काढली, आणि डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हा माणूस हंड्याजवळ दिसला तर मला फोन करू नका. पाद्रीबुवांना करा."

मी त्याच दिवशी ठरवलं, हंड्याला गिअरमोटर बसवायची.

बाबाला हे सांगणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. स्वयंपाकघरात तो ब्रेड कापत बसला होता, शेजारी त्याचा जुना दोस्त अर्दिलियो. अर्दिलियो म्हणजे आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन आणि उत्सव समितीचा अध्यक्ष, म्हणजे समितीत तो एकटाच आहे.

"मोटर?" बाबा म्हणाला. "उद्या म्हणशील, जेवण चावायलाही मोटर लाव."

"चावायला दात आहेत तुला. खांदा नाहीये."

"ऐकलंस अर्दिलियो? पोरगी शिकली की बापाचे अवयव मोजते."

"मोजणारच," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ते तू ऐकलंयस."

"तिने माझा पोलेंटा खाल्लाय कधी?"

अर्दिलियोने घसा खाकरला. "लेआर्को, पोरीचं ऐकायला काय जातंय? बोलोन्याकडे सगळीकडे लावतात आता."

"बोलोन्याकडे भिंतीला चुना लावतात त्याला पोलेंटा म्हणतात." बाबाने सुरी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं. लाव तुझी मोटर. पण अट आहे. दांडा उभा राहायच्या आधी जर तुझं यंत्र थांबलं, तर दांडा मी हातात घेणार, आणि मग मरेपर्यंत मला कोणी अडवायचं नाही. तू तर नाहीच नाही."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर ठेवीन खाली. कायमचा."

अर्दिलियो साक्षीला होताच. आम्ही हात मिळवले. बाबाचा हात अजून खडबडीत आणि गरम होता, आणि मला उगाचच भरून आलं. पण मी तोंड वाकडं करून ते लपवलं, आमच्या घरची रीतच ती.

आता, मोटर निवडायची तर आधी पलीकडच्या टोकाला जोर किती लागतो ते हवं. मशीनवाले लोक हा आकडा कागदावर देतात. पोलेंट्याचा आकडा कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळणार? मोजावाच लागणार. म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही उत्सवाचा हंडा बाबाच्या अंगणात मांडला. वर मी लोखंडी चौकट उभी केली, चौकटीतून हंड्यात एक उभा दांडा सोडला, त्याला खाली लाकडी पाती आणि वर बरोबर एक मीटर लांबीचा आडवा हात. त्या हाताच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवला, हॅम तोलतात तसला. काटा धरून हंड्याभोवती चालायचं, पाती फिरतात, आणि काटा जितके किलो दाखवेल त्याला साधारण दहाने गुणलं की झाला टॉर्क. शाळेतल्या पोराला येईल.

"मी चालणार," बाबा म्हणाला.

"डॉक्टरीणबाई—"

"चालायला मनाई नाहीये. चालणं चांगलं असतं म्हणाली."

पीठ त्यानेच टाकलं. पाणी शंभर लिटर, पिठाची पोती चार, पाच-पाच किलोंची. "दरवर्षीसारखं," तो म्हणाला. अर्दिलियो काहीतरी बोलणार होता, पण बाबाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो मिशी चोळत काट्याकडे वळला. मी आपली वहीत रकाने आखत होते.

शेवटच्या पाव तासात बाबा काटा धरून घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत होता, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, आणि अर्दिलियो बाजूबाजूने चालत ओरडत होता, "पंधरा... सोळा... सोळा... सतरा!"

"नक्की सतरा?"

"चाळीस वर्षं पार्सलं तोललीत, देआन्ना. सतरा म्हणजे सतरा."

"लिही," बाबा धापा टाकत म्हणाला. "सतरा लिही आणि संपव एकदाचं."

मी लिहिलं. एका मीटरवर सतरा किलो, म्हणजे एकशे सदुसष्ट न्यूटन-मीटर. त्यावर दीडपट राखीव, कारण पोलेंट्यात गुठळ्या असतात आणि आयुष्यातही. झाले अडीचशे. पाती मिनिटाला चौदा फेऱ्या फिरवायची. मग पाऊण किलोवॅटची मोटर घेतली, मिनिटाला चौदाशे फेऱ्यांची. ती स्वतः किती जोर देते? नऊ हजार पाचशे पन्नास गुणिले पाऊण भागिले चौदाशे: पाच पॉइंट एक न्यूटन-मीटर. एवढ्याने कॉफीसुद्धा धड ढवळली जाणार नाही. पण शंभरास एकचा गिअरबॉक्स लावला की पाच पॉइंट एकचे पाचशे अकरा होतात.

इथे नवखी माणसं टाळ्या पिटतात आणि घरी जातात. पाचशे अकरा! डबल! पण मी निवडलेला गिअरबॉक्स वर्म होता. आडवा स्क्रू फिरतो आणि त्याच्या आट्यांवर पितळी चाक घसरत घसरत पुढे सरकतं. स्वस्त, आटोपशीर, आवाज नाही. पण घसरतो म्हणून तापतो, आणि तापतो म्हणून खातो. शंभरास एकच्या गुणोत्तराला पंचेचाळीस टक्के तर त्याच्याच पोटात जातात. पाचशे अकराचे पंचावन्न टक्के, दोनशे एक्क्याऐंशी. लागणार अडीचशे. बसलं. काठोकाठ बसलं, उगाच फुगवलेलं काही नाही. मला असं गणित आवडतं. आमच्या धंद्यात प्रत्येकजण आपल्या मनाचं वाढवून देतो: ग्राहक दीडपट सांगतो, विक्रीवाला त्यावर दीडपट, शेवटी चिमणीचं पिल्लू उचलायला क्रेन जाते. माझ्या टेबलावरून तसलं काही बाहेर पडत नाही.

साहेबांनी जाहिरात होईल म्हणून गिअरमोटर उत्सवाला भेट देऊन टाकली, आणि मी कागद घेऊन खाली जोडणी विभागात वाइनेरकडे गेले. वाइनेर आमचाच, मोंतेब्रोलोचाच, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लहानपणी त्याने माझ्या वेणीला शेळी बांधली होती. आता तो कारखान्यातला सगळ्यात जाणता जोडारी आहे आणि ते त्याला पुरतं ठाऊक आहे.

त्याने कागद हातभर लांब धरून वाचला. "सतरा किलो," तो म्हणाला. "हे कुठल्या पोलेंट्यावर मोजलं?"

"बाबाच्या. नोव्हेंबरात."

"ह्या नोव्हेंबरात?"

"मग काय नेपोलियनच्या काळात?"

"हं," वाइनेर म्हणाला.

"हं काय?"

"काही नाही. हं म्हणजे वाचलं."

"वाइनेर, मला तुझी सुधारणा नकोय. कागदावर आहे तेच जोड. वर्म, शंभरास एक, पाऊण किलोवॅट. कळलं?"

"तुम्ही कागदवाले, आम्ही पानेवाले. हुकूम बाईसाहेब."

शुक्रवारी मोटर तयार झाली. तिच्यावर त्याने पत्र्याची एक छानशी टोपी बसवली होती, चारी बाजूंनी बंद. "वाफेने गंजायला नको," म्हणाला. मला तर ते फार आवडलं. मी चक्क आभार मानले. हंडा उलटा फिरू नये म्हणून चौकटीला तीन खुंट्याही त्याने आठवणीने लावल्या होत्या, कारण पात्यांना जितका पीळ इकडे बसतो तितकाच हंड्याला तिकडे, आणि हे विसरलेल्या एका गावाचा हंडा म्हणे पाद्रीबुवांच्या अंगावर चालून गेला होता.

मंगळवारी चौकात ऊन होतं. पोरं रंगीत कागदाचे कपटे उधळत होती, बायका सॉसेजचा रस्सा ढवळत होत्या, आणि सगळं गाव हंड्याभोवती कोंडाळं करून उभं होतं, पोलेंट्यापेक्षा माझी फजिती बघायला. बाबा नवीन एप्रन घालून आला होता. ओकचा दांडा त्याने भिंतीला टेकवून ठेवला होता, हाताच्या अंतरावर.

मी बटण दाबलं. पाती फिरू लागली, मिनिटाला चौदा, शहाण्यासारखी. पाणी उकळलं, बाबाने पहिलं पोतं टाकलं, दुसरं टाकलं. तासाभरात चारही पोती गेली. मोटर गुणगुणत होती. वाइनेर हातात पेला घेऊन एका खांबाला टेकला होता. मी मनातल्या मनात जिंकलेच होते.

आणि बाबाने पाचवं पोतं फोडलं.

"बाबा! चारच ठरली होती!"

"कोणी ठरवली?"

"नोव्हेंबरात चार टाकलीस तू! मोटर चार पोत्यांवर काढलीय मी!"

त्याने शांतपणे पाचवं पोतं रिकामं केलं, कोपऱ्यात चिकटलेलं पीठसुद्धा झटकून. पाती जरा जड फिरू लागली. पिठाचे बुडबुडे फुटायचे ते आता मोठ्याने सुस्कारे टाकू लागले. मग त्याने सहावं उचललं.

माझं डोकंच फिरलं. एवढी हातमिळवणी केली, अर्दिलियोला साक्षी ठेवला, आणि हा माणूस सगळ्या गावादेखत लबाडी करतोय! माझं यंत्र गुदमरवून दांडा हातात घ्यायचा आणि इथेच, माझ्यासमोर, कोसळून मरायचं, एवढाच याचा डाव. मला राग आला होता की भीती वाटत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी ओरडले, अख्खा चौक ऐकेल असं.

"मुद्दाम करतोयस तू! हरलास म्हणून मुद्दाम करतोयस! मरायची एवढी हौस असेल तर तसं सांग ना सरळ!"

बाबाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"हा पोलेंटा आहे," तो म्हणाला. "तू मोजलीस ती पेज होती."

"पेज तूच शिजवली होतीस!"

तो सहावं पोतं रिकामं करून त्याची घडी घालत बसला.

आता दोनच रस्ते होते. बंद करावं तर मी हरले. चालू ठेवावं तर दहा मिनिटांत मोटर तापून रिले पडणार, ती आपोआप बंद होणार, म्हणजे तरीही हरले. हंड्यातला डोंगर आता एकसंध फिरत होता, बघूनच कळत होतं की सतरा किलो कधीच मागे पडलेत. मी चिमट्याचा अँपमीटर घेऊन वायरीशी बसले; मोटर जितकी दमते तितकी वीज जास्त ओढते. मोटरच्या पाटीवर पूर्ण भाराला दोन अँपिअर लिहिलेले. माझ्या हिशोबाने या घडीला सव्वादोनच्या पुढे असायला हवे होते.

मीटरवर दीड.

मी चिमटा काढून परत लावला. दीड. मीटरवर थाप मारली. दीड. एकतीस वर्षं ज्या सूत्रावर पोट भरलं, त्या सूत्राला हे कोणी सांगितलंच नव्हतं जणू. आडात नाही ते पोहऱ्यात येतंय कुठून? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी वर पाहिलं. मोटर थंडपणे गुणगुणत होती, पत्र्याची टोपी घालून.

टोपी घालून.

"वाइनेर," मी म्हटलं, "ह्या टोपीखाली काय आहे?"

वाइनेर आभाळाकडे बघू लागला. आभाळात काहीही नव्हतं.

मी स्टुलावर चढले, दोन स्क्रू सोडले आणि टोपी उचलली. खाली वर्म नव्हताच. बेव्हल गिअरबॉक्स होता, दाताला दात लावून चालणारा, मागच्या वर्षीच्या प्रदर्शनातून परत आलेला आमच्या नमुन्याच्या रॅकवरचा. तो घसरत नाही, म्हणून खातही नाही. शंभरातले फार तर सहा. मोटर तीच, गुणोत्तर तेच. पण माझ्या दोनशे एक्क्याऐंशीच्या जागी हा चारशे ऐंशी देत होता.

"कागदावर काय लिहिलं होतं मी?"

"कागद बरोबर होता गं तुझा," वाइनेर खांबावरून हलला, जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोलेंटा चुकीचा होता. तीन वर्षं झाली. ऑपरेशननंतर त्याच्या खांद्यात ताकदच नाही राहिली, म्हणून दरसाल थोडं थोडं पीठ कमी. आम्ही सगळे पेज खातोय तीन वर्षं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"कुत्र्यांनासुद्धा. दांडा कलायच्या आत टाळ्या वाजवायच्या असतात, हे काय आपसूक होतं का? अर्दिलियो खूण करायचा. तू खाली सपाटीवर राहतेस, तुला नाही कळलं. आणि त्याला कोण सांगणार? तू सांगितलं असतंस?"

मी स्टुलावर तशीच उभी राहिले, हातात टोपी. सवय वाईट असते; डोकं आपोआप गणित करत सुटलं. दीड अँपिअर म्हणजे मोटर दोन तृतीयांश भारावर. म्हणजे पात्यांवर तीनशे वीसच्या पुढे. म्हणजे एका मीटरवर तेहेतीस किलो. हाताने ढवळताना वेग कमी असतो, थोडं कमी लागत असेल, हे सगळं मला कळतं. तरीही. तेहेतीस किलो हा माणूस पंच्याहत्तराव्या वर्षापर्यंत ओढत होता, आणि मी खालून गाडी घेऊन यायचे, दोन वाट्या खायचे आणि निघून जायचे.

"थांबव," बाबा म्हणाला. "झाला."

मी बटण दाबलं. चौघांनी चौकट उचलून पाती वर काढली. बाबाने भिंतीचा दांडा घेतला, हंड्याच्या मधोमध रोवला आणि हात सोडला.

कोणी टाळी वाजवली नाही. अर्दिलियोचा हात खिशातच होता. सगळे बघत होते आणि दांडा उभा होता. ताठ, कोणाचीही मदत न घेता. एवढा वेळ उभा होता की पोरांनी कपटे उधळायचं थांबवलं. शेवटी अर्दिलियो पुढे झाला, डोक्यावरची हॅट काढली आणि दांड्यावर ठेवली. दांडा जागचा हलला नाही. मग जो काही कल्लोळ झाला, तसा मी लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता.

"असा उभा राहायचा," बाबा मला म्हणाला. "आधी असाच राहायचा. तुला आठवत असेल."

"आठवतंय."

"माझ्याने होत नव्हतं गं. पीठ समोर असायचं आणि हात पुढे जायचा नाही. आज म्हटलं, ढवळायचं त्या मोटरला आहे, मला कशाला लाज?"

मी त्याला सगळ्यांसमोर लबाड म्हटलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्याने माझ्या पाठीत एक दणका घातला, डाव्या हाताने.

"लेआर्को, काढ की आता दांडा!" बायका ओरडू लागल्या. "रस्सा निवतोय!"

"मी नाही काढणार. शब्द दिलाय." त्याने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. "देआन्ना, तू काढ."

मी एका हाताने धरला. जागचा सरकेना. दोन्ही हात लावले, पाय हंड्याच्या चौकटीला टेकवला, तेव्हा कुठे तो उचकत उचकत वर आला. मी तो भिंतीला टेकवून ठेवला, आणि बाबाने तो कसा ठेवला जातोय ते नीट पाहून घेतलं.

मग तो लांब टेबलाशी जाऊन बसला, लोकांमध्ये. बेचाळीस वर्षांत त्याला उत्सवात बसून जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. बसायचं कुठे तेही त्याला कळेना, शेवटी पोरांच्या बाकावर टेकला. मी त्याच्यापुढे वाढलं, वर सॉसेज, वर चीज. जेवायचा काटा पोलेंट्यात टोचून त्याने तो उभा राहतो का ते आधी बघितलं.

"किती निघाला आज?" दोन घासांनंतर त्याने विचारलं.

"तेहेतीस."

"आणि त्या दिवशी सतरा."

"सतरा."

नोव्हेंबरात मी पोलेंटा मोजलाच नव्हता. बापाला मोजलं होतं, एका मीटरवर, साक्षीदारासकट, आणि तो निम्मा उरला होता. त्यावर दीडपट राखीव धरून मी खुशाल सही केली होती. हे सगळं त्याला माहीत असावं, कारण तो माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिला.

"एकोणऐंशीला सतरा," तो म्हणाला. "वाईट नाही." आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून. मीठ मात्र कमी पडलंय."